शेवटचा हात

मावशींनी नाटक कंपनीतला कपडेपट सोडला, तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं की यापुढे कोणाच्या घाईपायी उभं राहायचं नाही. बसायचं. खिडकीशी बसायचं, चहा पिताना बसायचं, दारात कोणी आलं तरी बसल्या जागेवरूनच या म्हणायचं. सगळा जन्म विंगेत उभ्याने काढलेल्या बाईला एवढी चैन करायला काही हरकत नव्हती. आणि आता पाहा. एका भल्याथोरल्या क्रीडागृहाच्या मागच्या भिंतीलगत त्या स्टुलावर बसल्या होत्या, कमरेत उसण भरली होती, छताचे दिवे सकाळपासून कानाशी गुणगुणत होते, आणि समोर जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या चौकोनात चार पोरं एका रोबोटभोवती ओणवी झाली होती.

या चौकोनाला पिट म्हणतात. शाळाशाळांचे रोबोट मैदानावर एकमेकांशी खेळतात, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये आपापल्या पिटमध्ये येतात. तेवढ्या वेळात बॅटरी बदलायची, सैल झालेलं आवळायचं, तुटलेलं जोडायचं, आणि पुकारा झाला की पुन्हा मैदानावर धाडायचं. चौकोनात पाय ठेवायचा तो विद्यार्थ्यांनीच. मोठ्या माणसांनी पट्टीच्या बाहेर राहून काय जीव टांगायचा तो टांगावा, असा नियम.

मावशींचा जीव टांगला होता तो सुनेपायी. सून शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेच्या जिन्याखाली एक लांबट, ओल धरलेली खोली होती, ती तिने मुख्याध्यापकांच्या मागे लागून मिळवली, स्वतः खरवडून रंगवली, आणि तिथे मुलांना घेऊन रोबोट बांधायला लागली. वर्ग संपले की खोली, सुट्टीच्या दिवशी खोली. घरी येईपर्यंत बोलायचंही त्राण उरायचं नाही. नवरा रात्रपाळीला, त्यामुळे बोलायला मावशीच असायच्या, आणि त्यांना दमलेल्या माणसाशी न बोलण्याची कला चांगली अवगत होती. कंपनीत ती लागतेच.

गेल्या वर्षी या खोलीची शोभा झाली. रोबोट बरा होता, पण वेळेवर तयारच व्हायचा नाही. पुकारा व्हायचा तेव्हा इकडे एकजण पाना शोधायचा, दुसरा त्याच्यावर ओरडायचा, तिसरी रडवेली होऊन बाजूला उभी. मैदानावर यांची जागा रिकामी ती रिकामीच. नेमके मुख्याध्यापक त्या दिवशी पाहायला आले होते. वाईट माणूस नव्हे, पण शाळेत मोडक्या बाकांना जागा नव्हती आणि त्यांची नजर कधीची जिन्याखाली होती. त्यांनी सुनेला बोलावून शांतपणे सांगितलं, की पुढच्या स्पर्धेत दुपारच्या शेवटच्या फेऱ्यांना तुमचा रोबोट मैदानावर दिसला तर खोली तुमची. नाही दिसला तर बाकं तिथे जातील. सुनेने मान हलवली आणि घरी येऊन चपला न काढता जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा डबा विसरला म्हणून मावशी शाळेत गेल्या. डबा विसरला होता की मावशींनी विसरू दिला होता, हे त्यांनाच ठाऊक. जिन्याखाली पोरांचा सराव चालला होता, म्हणजे भांडण चाललं होतं. सगळ्यांचे हात एकाच वेळी रोबोटमध्ये, सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू. मावशी जरा वेळ दारात उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, की यात नट कोण? पोरांना कळेना. वकील म्हणून जो पोरगा होता, म्हणजे बोलण्यात पटाईत म्हणून सगळे त्याला तसं म्हणायचे, तो म्हणाला, इथे नट आणि बोल्ट दोन्ही आहेत आजी, कुठला हवा? मावशी म्हणाल्या, तू नको, तू प्रेक्षक दिसतोस. आणि रोबोटकडे बोट करून म्हणाल्या, नट हा. हा मैदानावर जाणार, हा आत येणार, याला तुम्ही पुन्हा सजवून बाहेर पाठवणार. मग सजवणाऱ्यांनी इतकं का बोलावं?

असं ते सुरू झालं.

कंपनीत एक नाटक होतं, त्यात राणीची दुसऱ्या अंकात भिकारीण व्हायची. राणी एका विंगेतून आत यायची आणि पडद्यामागून पळत जाऊन दुसऱ्या विंगेतून भिकारीण होऊन निघायची. मधल्या अंधारात कपडेपटातल्या बायका तिच्यावर तुटून पडायच्या. एकीने मुकुट उतरवायचा, एकीने पाठीचे हूक सोडायचे, एकीने जोडे काढून पायांना राख फासायची. दिवा नाही, आवाज नाही, कारण पलीकडे हातभर अंतरावर तलवारबाज संवाद म्हणत असायचा. मावशींनी त्या बायकांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. आपल्या बटणापुरतं पाहायचं. दुसरीच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. दोघींचे हात एका बटणावर गेले की बटण सुटत नाही, तुटतं.

तेच त्यांनी पोरांना शिकवलं. रोबोटच्या उचलत्या हाताचं सगळं काम लंबूकडे. हा ताडमाड पोरगा, सदा कुठेतरी डोकं आपटून आलेला. चाकं वकिलाकडे. मैदानावर रोबोट चालवणारी मुलगी होती, तिला गाडीवान म्हणायचे, तिच्याकडे वायरी आणि रिमोट. आणि बॅटऱ्या मुंगीकडे. मुंगी म्हणजे एवढीशी मुलगी. ती खोलीत आहे की नाही हे बॅटरी चार्ज झालेली पाहूनच कळायचं. पाने, पक्कड, स्क्रू हे सगळं मावशींनी जातवारीने नव्हे तर लागण्याच्या क्रमाने लावून घेतलं, जसं खुंटीवर आधी भिकारणीचं लुगडं आणि मग राख. पोरांनी 'बटण' हा शब्द उचलला. कोणी कोणाच्या कामात नाक खुपसलं की म्हणायचे, तुझं बटण आहे का ते? आणि त्यांनी मावशींना आजी म्हणायचं सोडून मावशी म्हणायला सुरुवात केली, कारण कंपनीत पांढऱ्या मिशांचा नायकसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचा, हे पोरांना त्यांनीच सांगितलं होतं.

आठवड्यांमागून आठवडे सराव झाला. शेवटी शेवटी खोलीत नुसता पान्यांचा आवाज यायचा. सून दाराला टेकून पाहत राहायची. एकदा म्हणाली, आई, मी इतकी वर्षं घसा फोडला. मावशी म्हणाल्या, म्हणूनच.

स्पर्धेच्या सकाळी सगळं छान चाललं. फेरीमागून फेरी रोबोट वेळेवर जात होता. शेजारच्या पिटमधली पोरं यांचं गप्प राहणं पाहून हसली आणि मग हसायची थांबली. प्रत्येक फेरीत दोन रोबोट एका बाजूला, दोन समोर. सकाळच्या फेऱ्या संपल्या की वरच्या क्रमांकाच्या शाळा दुपारसाठी आपापले जोडीदार निवडणार. यांचा क्रमांक चढत चढत असा आला होता की सकाळची शेवटची फेरी जिंकली, तर कोणी निवडायची वाट पाहायची गरजच नव्हती.

त्याआधीच्या फेरीत रोबोटच्या हाताची साखळी निसटली. लंबूने हात वर उचलून खाली अडसर घातला, म्हणजे लोखंडी गज, काम करताना हात बोटांवर पडू नये म्हणून. साखळी बसवली. पुकारा झाला. मुंगीने बॅटरी घातली, गाडीवानने वायर जोडली, वकिलाने चाकं पाहिली, कोणी कोणाच्या वाटेत आलं नाही, आणि रोबोट गेला. मावशींनी तेवढ्यात डोळे मिटले होते. झोप नव्हे, पण झोपेच्या अलीकडचं काहीतरी. पहाटे उठून आलेल्या, दिव्यांनी डोकं भणभणलेलं, आणि पोरं इतकी सुरेख काम करत होती की पाहायची गरज वाटली नव्हती.

रोबोट मैदानावर गेला आणि हात वर करून उभा राहिला. चाकं फिरत होती, हात हलेना. अडसर आतच होता. सबंध फेरीभर तो वर्गात उत्तर येत असलेल्या पोरासारखा हात वर करून इकडून तिकडे फिरत राहिला, आणि प्रेक्षक हसत राहिले. फेरी हरली.

पिटमध्ये परत आल्यावर लंबूने अडसर ओढून बाहेर काढला. वकिलाने त्याची बोलून बोलून सालं काढली. एवढी लाल फीत बांधलीय अडसराला, आंधळ्यालाही दिसली असती, तू काय मानेवर डोकं नुसतं आपटायला ठेवलंयस का? लंबू एवढंच म्हणाला, की मी विसरलो. गाडीवान पाठ करून उभी राहिली. सून संयोजकांच्या टेबलापाशी गेली होती, ती पळत आली आणि खांबाला हात लावून उभी राहिली. ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावर ओरडण्याइतकं काही शिल्लक नव्हतं.

तेव्हा मुंगी बोलली.

"मला दिसला होता."

"काय दिसला होता?" वकिलाने वळून विचारलं.

"अडसर. बॅटरी घालताना. नाकासमोरच होता माझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

मुंगीने वकिलाकडे पाहिलंच नाही. ती पट्टीबाहेर बसलेल्या मावशींकडे पाहत होती. "माझं बटण नव्हतं ते," ती म्हणाली.

मावशींना वाटलं, आपलंच वाक्य कोणीतरी इस्त्री करून, घडी घालून परत आणून दिलं. पोरगी काही तोंड वर करून बोलली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं. तिला जे शिकवलं ते तिने केलं होतं.

मग कंपनीतल्या अंधारात हे कधी का झालं नाही? मावशी विचार करत राहिल्या. बायका तिथेही विसरायच्या. एकदा मुकुट भिकारणीच्या डोक्यावर तसाच राहिला होता, एकदा जोडा पायात. पण प्रेक्षकांना ते कधी दिसलं नाही. आणि मग मावशींना आपला हात आठवला. राणी भिकारीण होऊन निघायची, त्या क्षणी मावशींचा हात तिच्या डोक्यापासून मानेवरून, पाठीवरून खाली पायांपर्यंत एकदा फिरायचा. बायका दूर झालेल्या असायच्या, तो हात फिरल्याशिवाय राणी पाऊल उचलायची नाही. ते काम आहे असं मावशींना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. श्वास घ्यायला काय कोणी शिकवतं? पोरांना त्यांनी सगळी बटणं वाटली, आणि हा हात वाटायचा राहूनच गेला.

"चूक कोणाची ते नंतर वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पुरेल एवढी आहे, आणि मोठा वाटा माझा. आता इकडे या."

पोरं पट्टीच्या काठाशी आली. मावशींनी त्यांना राणीचं सांगितलं, तिचा मुकुट राहिल्याचं सांगितलं, आणि शेवटच्या हाताचं सांगितलं. वकील लगेच म्हणाला, मी करतो ते. मावशी म्हणाल्या, बाबा, तुझं सगळं बळ तोंडात आहे, ते पंचांसाठी राखून ठेव. आणि मुंगीला म्हणाल्या, तू.

मुंगीने मान हलवली, नाही अशी. तिला सगळ्या भागांची नावंही येत नव्हती.

"नावाचं काय लोणचं घालायचंय? तो धड असला की हाताला कसा लागतो, ते कळतं ना तुला?"

"कळतं."

"मग तुझा हात फिरून होईपर्यंत तो हलणार नाही. बाहेर पुकारा करणाऱ्याचा घसा बसला तरी. आणि जे लागेल ते मोठ्याने सांगायचं. बटण कोणाचंही असो."

मुंगीने रोबोटच्या उंच दांड्यावर हात ठेवला आणि खाली आणला. पहिल्यांदा घाईने. मावशी म्हणाल्या, मांजराला कुरवाळतेस तसं. मग ती सावकाश करायला लागली. पुन्हा पुन्हा केलं. लंबू मध्येच काहीतरी सैल करून ठेवायचा आणि ती ते हुडकून काढायची.

क्रमांक मात्र घसरला होता. आता कोणीतरी निवडलं तरच दुपार. वरच्या शाळांची मुलं पिटांमधून हिंडत, कोणाला घ्यावं ते पाहत होती. यांच्याकडे पहिल्या क्रमांकाच्या शाळेची कप्तान आली. निळी टोपी घातलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली मुलगी, तीही सकाळपासून पळून थकलेली. तिने विचारलं, तुमचा हात मैदानावर अडकला, मोटर गेली का? वकिलाने वायरीबियरींचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण लंबू आधी बोलला. अडसर काढायला मी विसरलो, म्हणाला.

"म्हणजे मशीन ठीक आहे," टोपीवाली म्हणाली.

"मशीन ठीक आहे. बिघडलो होतो ते आम्ही."

ती जरा हसली आणि म्हणाली, की पुन्हा बिघडणार नाही कशावरून? त्यावर मुंगी पुढे झाली आणि म्हणाली, मी पाठ करते, तुम्हीच काहीतरी सैल करा. टोपीवाली पट्टी ओलांडून आत आली, वाकली, आणि बाजूला झाली. मुंगीने वळून हात फिरवला. एका जागी थांबली, हे तुम्ही केलं म्हणाली. आणखी खाली गेली, पुन्हा थांबली. हे तुम्ही नाही केलं, पण हेही सैल आहे. वकिलाने मुकाट्याने पाना घेतला. ते त्याचं चाक होतं.

निवड सुरू झाली तेव्हा सगळे मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले. एकेका शाळेचं नाव पुकारलं जायचं, टाळ्या पडायच्या. यांचं नाव येईना. सून ओठ आवळून उभी होती. जोडीदार संपले, मग राखीव निवडायला लागले, आणि टोपीवालीने यांचं नाव घेतलं. पोरांना उड्या माराव्यात की नाही कळेना. वकील म्हणाला, राखीव म्हणजे स्टेपनी. कोणाचं चाक पंक्चर झालं तर आपण.

मुख्याध्यापक प्रेक्षकांत बसले होते. सून वर जाऊन त्यांना विचारून आली, की राखीव चालेल का? ते सौजन्याने म्हणाले होते, मॅडम, मैदान म्हणजे मैदान.

दुपार लांबत गेली. ज्यांचं आटोपलं त्या शाळा आवराआवर करून निघाल्या, त्यांच्या पिटांच्या जागी नुसते पट्टीचे चौकोन उरले. क्रीडागृह अर्धं रिकामं झालं आणि आवाज जास्तच घुमायला लागला. यांचा रोबोट तयार होऊन उभा होता. मुंगी अधूनमधून बॅटरी बदलून ताजी घालायची. कंपनीत एक नटी होती, ती नायिका आजारी पडली तर म्हणून रोज रंगून बसायची. मावशी रोज तिच्या लुगड्याला इस्त्री करायच्या, आणि रोज तिच्या अंगावरून ते न चुरगळता परत यायचं. ती कधी कुरकुरली नाही, आणि नायिका कधी आजारी पडली नाही. त्या नटीचं पुढे काय झालं, ते आठवायचा मावशींनी प्रयत्न केला आणि आठवलं नाही.

लंबू हळूच म्हणाला, "मावशी, त्यांचं काहीतरी मोडावं असं येतंय मनात."

"येऊ दे. मनात यायला कोणाची परवानगी लागत नाही. पण पाना मागायला आले तर द्यायचा."

आणि ते आलेच. शेवटच्या फेरीच्या आधी टोपीवाली पळत आली. तिच्याच रोबोटला समोरच्याने अशी धडक दिली होती की चाक निखळून आलं होतं, आणि त्यांच्याकडचं जादा चाक सकाळीच खर्ची पडलं होतं. तुमच्याकडे आहे का? वकिलाच्या पायाशी, ट्रंकेत, चाक होतं. वकिलाने सुनेकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. चाक दिलं नाही तर टोपीवालीला यांनाच उतरवावं लागणार होतं. सुनेचा हात साडीच्या पदराशी नुसताच चाळा करत राहिला. मग ती म्हणाली, दे ना, बघतोस काय.

टोपीवालीने चाक घेतलं आणि जाता जाता वळली. मुंगीला म्हणाली, तूही चल, बसवल्यावर तुझा हात फिरव.

मावशी आणि सून मागून हळूहळू गेल्या. टोपीवालीच्या पिटमध्ये गेल्या वर्षीच्या यांच्यासारखाच गोंधळ होता, सगळे ओरडत होते. चाक बसलं. पुकारा झाला. टोपीवालीने सगळ्यांना मागे सारलं आणि मुंगी वाकली. दांडा, साखळी, हात, खाली, पहिलं चाक, दुसरं, आणि मग ते नवीन. ते तिने फिरवलं. छान फिरलं. तिचं बोट आतल्या बाजूला, आसाच्या, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या, मुळाशी गेलं, पुढे गेलं, आणि परत मागे आलं.

ती तशीच बसून राहिली. मावशींना दुरून तिच्या मानेवरून कळलं, की हिला काहीतरी लागलंय. आणि हेही कळलं की ही का बोलत नाही. बोलली तर टोपीवालीचा रोबोट थांबणार आणि हिचा जाणार. कोण विश्वास ठेवणार? गप्प राहिली तर कोणी विचारणारही नव्हतं. हे तर खरंच तिचं बटण नव्हतं. मावशींना हाक मारावीशी वाटली, पण त्यांनी मारली नाही. विंगेतून कोणाला शब्द पुरवायचं त्यांचं काम कधीच नव्हतं.

"आसाला चीर आहे," मुंगी म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली. "चाक चांगलंय. आस जाईल."

त्या शाळेचा एक पोरगा फिसकन हसला. वाटच बघत होती, म्हणाला.

टोपीवालीने मुंगीच्या डोळ्यांत पाहिलं. "खरंच चीर आहे, की तुमचा जावा म्हणून?"

मुंगीने विचार केला. "दोन्ही," ती म्हणाली.

टोपीवाली गुडघ्यांवर बसली. मुंगीने तिचं बोट धरून त्या जागी नेलं. टोपीवालीने एकदा चाचपलं, दुसऱ्यांदा चाचपलं, डोळे मिटून तिसऱ्यांदा. पुकारा पुन्हा झाला. ती उठली, टोपी काढून तिने कपाळ पुसलं आणि तिच्या पोरांना म्हणाली, आपला थांबतोय. राखीव जाऊ दे.

मग काय झालं ते मावशींना पाहता आलं नाही, कारण त्यांना तेवढं पळता येत नव्हतं. त्या आपल्या पिटशी पोचल्या तेव्हा रोबोट दाराकडे निघालाही होता. लंबू पुढे, गाडीवान रिमोट छातीशी धरून, वकील पंचांना काहीतरी समजावत, आणि मुंगी रोबोटच्या बाजूने, तिचा हात अजून त्याच्यावरून फिरतोच आहे. मैदानाच्या फाटकाशी तिने हात उचलला आणि रोबोट आत गेला.

पिटमधून मैदान दिसत नव्हतं. मध्ये प्रेक्षकांचे बाक होते. सून आणि मावशी तिथेच राहिल्या. गलका ऐकू येत होता, एकदा मोठा, मग बारीक, मग पुन्हा मोठा. सून ट्रंकेला पाठ टेकून जमिनीवर बसली. आता आत बसायला कोणी मना करणार नव्हतं. तिने चपला काढल्या, पाय लांब केले.

वकील धापा टाकत सांगायला आला, की थोडक्यात हरलो, पण हात हलला मावशी, सगळा वेळ हलला, आणि मुख्याध्यापक उभे राहून पाहत होते. एवढं सांगून तो परत पळाला.

"राहिली खोली," सून म्हणाली.

"राहिली."

सुनेने डोळे मिटले. जरा वेळाने डोळे न उघडताच म्हणाली, "म्हणजे आई, पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा."

पुढच्या वर्षी गाडीवान आणि लंबू शाळा सोडून जाणार होते. नवीन पोरं येणार, ती पहिल्या दिवशी एकमेकांच्या हातांतून पाने हिसकावणार, आणि कोणीतरी पुन्हा राणीचं सांगायला लागणार. त्या सुनेशेजारी खाली बसल्या. उठताना किती त्रास होणार ते त्यांना ठाऊक होतं, तरी बसल्या.

पोरं परत आली. रोबोट गाडीवर चढवला, ट्रंका भरल्या, आणि लंबूने मोठी ट्रंक उचलायला हात घातले. डोळे मिटलेल्या सुनेने विचारलं, नीट चाललंय ना त्यांचं? मावशी म्हणाल्या, मी बघतच नाहीये.

"थांबा," मुंगीचा आवाज आला, आता चांगला खणखणीत. "झाकण उघडं आहे त्याचं. मी हात फिरवते मग उचला."

दोघीही उठल्या नाहीत.